घरातली बुरशी तपासायची कशी: आधी ओल, मग नमुना, शेवटी अहवाल

भिंतीवर काळपट डाग दिसला की आधी तपासणीचा संच मागवला जातो. त्यातली ताटली खोलीत उघडी ठेवली जाते, आठवड्याभरात तिच्यात हिरवी-करडी बुरशी फुलते आणि घरातली माणसं घाबरून जातात. दुसरीकडे कोणीतरी पंप लावून पाच मिनिटांची हवा खेचतं, अहवालातले आकडे लहान निघतात आणि कपाटामागची भिंत तशीच ओली राहते. दोन्ही वेळा पैसे गेले, वेळ गेला, आणि ज्या मुलाला रात्रभर खोकला येतो त्याच्या खोलीत काहीच बदललं नाही.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. नमुना आधी घेतला जातो आणि तो कशासाठी घेतला हा विचार अहवाल आल्यावर सुरू होतो. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले तीन टप्पे नीट झाले तर पुढचे करायची गरजच उरत नाही, असं अनेकदा होतं.

टप्पा १: प्रश्न कागदावर लिहा

"घर सुरक्षित आहे का?" या प्रश्नाचं उत्तर कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही. हवेत किती बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म कण, ज्यांपासून नवी बुरशी उगवते) असले म्हणजे आरोग्याला धोका, याची सर्वमान्य मर्यादा अस्तित्वात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हाही अशी संख्या दिली नाही. घरात ओल आणि बुरशी राहूच देऊ नका, एवढंच सांगितलं. बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतात आणि प्रत्येक माणसाचं शरीर त्यांना सारखा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे "इतक्यापर्यंत चालतं" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून सावध राहा.

तपासणी उत्तर देऊ शकते ते अशा प्रश्नांना:

- हा डाग बुरशीचा आहे, की काजळीचा किंवा क्षाराचा?
- कुबट वास येतो पण दिसत काही नाही, तर लपलेली वाढ कोणत्या खोलीत असावी?
- साफसफाई आणि दुरुस्ती झाली, ती पुरेशी झाली का?
- सांडपाणी घरात शिरलं होतं, त्याचे जंतू अजून जमिनीवर आहेत का?

बुरशी डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल तर ती कोणत्या जातीची आहे हे शोधण्यात पैसे घालू नका. जात कोणतीही असली तरी करायचं तेच असतं: पाणी थांबवा, खराब झालेलं काढा, उरलेलं साफ करून वाळवा. रंगावरून जात ओळखता येत नाही. काळी दिसणारी प्रत्येक बुरशी 'विषारी काळी बुरशी' म्हणून कुप्रसिद्ध झालेली स्टॅकीबोट्रिस नसते. क्लॅडोस्पोरियम आणि ॲस्परजिलस नायजर यांचे डागही काळेच दिसतात.

सावधान: जो तपासणी करणार तोच साफसफाईचं कंत्राट घेणार असेल, तर दुसरा माणूस शोधा. प्रकरण विमा किंवा भाडेकराराच्या वादात जाण्याची शक्यता असेल तर याबाबत अजिबात तडजोड करू नका.

टप्पा २: पाण्याचा माग काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हातात विजेरी, मोबाइलचा कॅमेरा, वही आणि घराचा हाताने काढलेला नकाशा असू द्या. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा पाडा. समोरून प्रकाश टाकल्यावर न दिसणारे फुगवटे, सुटलेला रंग आणि बारीक केसाळ वाढ आडव्या प्रकाशात लगेच उठून दिसते.

बाहेरून आत या. छताच्या कडा, पाण्याचे नळे, खिडक्यांचे सांधे, बाहेरच्या भिंतीतल्या भेगा, पायथ्याशी साचणारं पाणी. मग आत: न्हाणीघराच्या भिंतीची पलीकडची बाजू, सिंकखालचं कपाट, एसीचं पाणी वाहून नेणारी नळी आणि तिच्याखालची तबकडी, बाहेरच्या भिंतीला टेकवलेली कपाटं, गादीची खालची बाजू, खोट्या छताच्या वरची पोकळी. कपाट हलवल्याशिवाय ती खोली "पाहिली" असं लिहू नका. मला सर्वात मोठ्या वाढी कपाटांच्या आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे सापडल्या आहेत, कारण तिथे हवा खेळत नाही आणि भिंत थंड राहते.

नाकाचा उपयोग पहिल्या दोन मिनिटांतच होतो, नंतर वासाची सवय होते. म्हणून बाहेर थोडा वेळ थांबून मग प्रत्येक खोलीत शिरा आणि वास आला की लगेच नोंद करा. कपाटांची दारं उघडताक्षणी आत वास घ्या.

पांढरा थर दिसला तर तो पाण्याच्या थेंबाने भिजवा. भिंतीतून आलेला क्षार विरघळतो, बुरशी विरघळत नाही. पण क्षार निघाला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. भिंतीतून पाणी वाहत आलंय, याचीच ती खूण आहे.

गळतीचा संशय असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा आणि तासाभराने पुन्हा पाहा. आकडा पुढे सरकला असेल तर पाणी कुठेतरी जातं आहे.

राहणाऱ्यांशी बोला. मागच्या वर्षभरात कुठे पाणी सांडलं, फुटलं, झिरपलं? भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरायला सुरुवात होऊ शकते. "तेव्हा वरवर पुसलं होतं" हे वाक्य ऐकलं की ती जागा नकाशावर ठळक करा.

सावधान: दमा, फुप्फुसांचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तीने ही पाहणी करू नये. इतरांनीही एन९५ मास्क, हातमोजे आणि हवा आत येऊ न देणारा चष्मा घालावा. वाढ साधारण एक चौरस मीटरपेक्षा जास्त दिसली, किंवा सांडपाण्याचा संबंध असला, तर तिला हात न लावता जाणकाराला बोलवा. लपलेली वाढ पाहायला स्वतः भिंत फोडू नका; एका फटक्यात बीजाणू घरभर पसरतात.

टप्पा ३: ओल मोजा

खोलीची आर्द्रता आणि भिंतीतली ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही मोजाव्या लागतात.

आर्द्रतामापक खोलीच्या मध्यावर आणि संशयित भिंतीजवळ, असा दोन्हीकडे किमान काही दिवस ठेवा. एका क्षणाच्या आकड्यावरून काही कळत नाही. सकाळी, स्वयंपाकाच्या वेळी, आंघोळीनंतर, मध्यरात्री, असे आकडे लिहा. खोलीची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांखाली असावी, ३० ते ५० टक्के उत्तम.

आता एक गफलत. खोलीत २५ अंश सेल्सियस आणि ६० टक्के आर्द्रता आहे, म्हणून सगळे निर्धास्त. पण बाहेरची भिंत २० अंशांवर असेल तर भिंतीला चिकटून असलेल्या हवेची आर्द्रता सुमारे ८१ टक्के होते, कारण थंड हवेत बाष्प कमी मावतं. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बऱ्याच बुरशींना वाढायला तेवढं पुरतं. एकही पाइप न गळता भिंत काळी पडते ती अशी. म्हणून भिंतीचं तापमानही मोजा. इन्फ्रारेड तापमापी त्यासाठी पुरेसा आहे.

मग ओलावामापक. लाकडात १६ टक्क्यांपर्यंत चिंता नाही, २० टक्क्यांच्या वर बुरशीचा धोका खरा. पण हे आकडे लाकडापुरतेच. सुया टोचून मोजणारं मापक बहुधा लाकडासाठी जुळवलेलं असतं, त्यामुळे गिलाव्यावर किंवा विटेवर त्याचा टक्का खरा मानू नका. तिथे तुलना करा: त्याच घरातली, त्याच प्रकारची, नक्की कोरडी असलेली भिंत आधी मोजा आणि तिच्यापेक्षा किती जास्त येतं ते लिहा. दर ३० सेंटिमीटरवर एक आकडा घेऊन भिंतीचा नकाशा भरला की पाणी वरून उतरतंय, खालून चढतंय की एका बिंदूपासून पसरतंय हे आकृतीतच दिसतं.

भिंतीतला क्षार सुयांच्या मापकाला फसवतो आणि आकडा फुगवतो. बिनसुयांच्या मापकाला आतली सळई किंवा पाइप फसवतो. थर्मल कॅमेरा पाणी दाखवतच नाही, तो फक्त तापमानातला फरक दाखवतो. त्यातला निळा पट्टा ओलावामापकाने पडताळल्याशिवाय अहवालात लिहू नका.

पडताळणी: ओल आतून येते की खोलीतलं बाष्प भिंतीवर थेंब होऊन जमतं, हे ठरत नसेल तर साधारण अर्धा मीटर लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक-दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ते खोलीतलं बाष्प.

स्रोत सापडला आणि वाढ दिसते आहे? मग थांबा. दुरुस्तीकडे वळा आणि थेट टप्पा ८ वाचा.

टप्पा ४: पद्धत निवडा

*चिकटपट्टीचा नमुना.* डाग बुरशीचा आहे का, यासाठी सर्वात सोपा. सूक्ष्मदर्शकाखाली थेट तंतू आणि बीजाणू दिसतात.

*स्वॅब.* खडबडीत किंवा ओल्या पृष्ठभागासाठी, आणि जिवाणू वाढवून पाहायचे असतील तेव्हा.

*बीजाणू पकडणारी कॅसेट, म्हणजे स्पोअर ट्रॅप.* हवा चिकट काचेवर आपटते आणि जिवंत-मृत सगळे बीजाणू मोजले जातात. निकाल लवकर मिळतो. मात्र ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमचे बीजाणू यात वेगळे ओळखता येत नाहीत, अहवालात ते एकत्रच येतात.

*वाढवून मोजणी.* हवा आगरच्या (बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) ताटलीवर आपटवतात आणि ताटली उबवतात. बुरशीसाठी माल्ट एक्स्ट्रॅक्ट आगर आणि कोरड्यात वाढणाऱ्या जातींसाठी डीजी१८ नावाचं माध्यम, सुमारे २५ अंशांवर पाच ते सात दिवस. जात कळते, पण फक्त जिवंत आणि त्या माध्यमावर वाढणारी. मेलेली बुरशीही ॲलर्जी देऊ शकते आणि ती इथे दिसणारच नाही.

*धुळीची डीएनए तपासणी.* अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ३६ बुरशींवर आधारलेला एक निर्देशांक संशोधनासाठी बनवला. घरांच्या नेहमीच्या तपासणीसाठी तीच संस्था तो वापरा असं म्हणत नाही. त्या एका आकड्यावरून घर सोडण्याचा निर्णय घेऊ नका.

*उघडी ताटली.* वापरू नका. हवेच्या किती भागातून काय पडलं हे कळत नाही, जड बीजाणू जास्त पडतात, हलके तरंगत राहतात, आणि सर्वसामान्य निरोगी घरातही तिच्यात काहीतरी उगवतंच.

टप्पा ५: जागा आणि सामान तयार करा

प्रयोगशाळा आधी निवडा, नमुना नंतर घ्या. कोणती कॅसेट, कोणतं माध्यम, किती तासांत पोचवायचं आणि अहवालात कच्ची मोजणी, म्हणजे प्रत्यक्ष दिसलेल्या बीजाणूंची संख्या, मिळेल का, हे आधीच विचारा.

नमुन्याच्या आदल्या दिवसापासून झाडू, व्हॅक्यूम, फवारणी, अगरबत्ती, जंतुनाशक सगळं बंद. आधी ब्लीच मारून मग स्वॅब घेणं ही नेहमी घडणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. खिडक्या आणि बाहेरची दारं रात्रभर बंद ठेवा. एसी किंवा पंखे रोज चालतात तसेच चालू द्या आणि त्यांची स्थिती लिहा. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर दिवस बदला. बाहेरची हवा त्या दिवशी नेहमीची नसते आणि तुलना कोलमडते.

टप्पा ६: नमुने घ्या

हवेचे नमुने या क्रमाने:

१. पंपाला कॅसेट जोडून प्रवाह तपासा. नेहमीच्या स्पोअर ट्रॅपसाठी मिनिटाला १५ लिटर.

२. पहिला नमुना घराबाहेर घ्या. झुडपं, कचरा, एसीचं बाहेरचं यंत्र यांपासून लांब.

३. मग तक्रार नसलेली खोली आणि त्यानंतर तक्रारीची खोली. स्वच्छाकडून घाणेरड्याकडे जा, म्हणजे तुमच्या कपड्यांवरून बीजाणू उलट्या दिशेला जाणार नाहीत.

४. उंची जमिनीपासून एक ते दीड मीटर. भिंत, पंखा आणि एसीचा झोत टाळा.

५. पाच मिनिटं, म्हणजे ७५ लिटर. धूळ खूप असेल तर वेळ कमी करा. काच धुळीने भरली की बीजाणू तिच्याखाली झाकले जातात आणि मोजणी खोटी कमी येते.

६. शेवटी बाहेरचा दुसरा नमुना घ्या आणि प्रवाह पुन्हा तपासा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रवाहात पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर ते नमुने टाकून द्या.

७. एक कॅसेट उघडून, हवा न खेचता बंद करा आणि इतरांसोबत पाठवा. तिच्यात बीजाणू निघाले तर हाताळणीत गडबड आहे.

सुरुवातीच्या काळात एकदा माझा बाहेरचा नमुना घ्यायचा राहून गेला. आतले आकडे मोठे होते. ते घरातले की बाहेरच्या हवेतून आलेले, हे मी त्या कुटुंबाला सांगू शकलो नाही, आणि त्यांना सगळं पुन्हा करावं लागलं. बाहेरच्या नमुन्याशिवाय आतल्याला अर्थ नाही.

पृष्ठभागासाठी स्वच्छ पारदर्शक चिकटपट्टी वापरा. धुरकट पट्टीतून सूक्ष्मदर्शकाला काही दिसत नाही. डागाच्या मध्यावर न लावता कडेवर, जिथे वाढ ताजी आहे तिथे हलकेच दाबून उचला. घासू नका. स्वॅबसाठी १० बाय १० सेंटिमीटरची चौकट ठेवा, स्वॅब फिरवत आडवा आणि मग उभा पुसा. शेजारच्या स्वच्छ दिसणाऱ्या भागाचाही एक नमुना घ्या.

पाण्यात लिजिओनेला (फुप्फुसांचा गंभीर आजार देणारा जिवाणू) तपासायचा असेल तर पद्धत निराळी आहे. हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, म्हणून क्वचित वापरले जाणारे शॉवर आणि कोमट टाक्या आधी घ्या. बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर पाण्यातलं क्लोरिन वाटेतच जिवाणू मारून टाकतं. नळ उघडल्यावरचं पहिलं पाणी आणि थोडा वेळ वाहू दिल्यानंतरचं पाणी वेगळ्या बाटल्यांत घ्या. पाण्याचे तुषार श्वासात जाऊ देऊ नका. निकालाला दहा दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.

पडताळणी: प्रत्येक नमुन्यावर क्रमांक, जागा, वेळ, प्रवाह, तापमान आणि आर्द्रता लिहिली का? त्या जागेचा फोटो काढला का? हाताळणीचा तक्ता, म्हणजे नमुना कोणी कोणाला कधी दिला याची नोंद, भरली का? स्वॅब आणि ताटल्या थंड पेटीतून पण न गोठवता, शक्यतो २४ तासांत पोचवा. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

टप्पा ७: अहवाल वाचा

आधी कच्ची मोजणी शोधा. ७५ लिटरच्या नमुन्यात प्रत्यक्ष एक बीजाणू दिसला, तर घनमीटरमागे १३ असा आकडा छापला जातो. म्हणजे एका खोलीत १३ आणि दुसरीत ४० असेल तर फरक एका आणि तीन बीजाणूंचा आहे. त्यावरून दुसरी खोली तिप्पट दूषित ठरवणं चूक. शिवाय एकाच खोलीतला आकडा काही तासांत कित्येक पटींनी बदलू शकतो.

मग प्रकार पाहा, एकूण बेरीज नंतर. आत आणि बाहेर साधारण तेच प्रकार, आत कमी, तर ती बाहेरून आलेली हवा. एखादा प्रकार बाहेर जवळजवळ नाही आणि आत भरपूर, तर घरात कुठेतरी वाढ आहे. हा संकेत ॲस्परजिलस-पेनिसिलियम गटात वारंवार मिळतो. स्टॅकीबोट्रिस किंवा कीटोमियमचे थोडेसे बीजाणू आत सापडले तरी टप्पा २ पुन्हा करा, कारण या बुरशी कागद, लाकूड, जिप्समच्या पत्र्यावरचा कागद अशा दीर्घकाळ भिजलेल्या वस्तूंवर वाढतात. उलट, त्या हवेत नाहीत म्हणजे घरात नाहीत असं समजू नका. स्टॅकीबोट्रिसचे बीजाणू चिकट असतात, ओले असताना सहज उडत नाहीत.

अहवाल स्वच्छ आणि भिंत ओली, अशी वेळ आली तर भिंतीवर विश्वास ठेवा. घरात कोणाला त्रास होत असेल तर अहवाल डॉक्टरांना दाखवा, पण आजाराचं निदान अहवालावरून करू नका. ते माणसाला तपासूनच होतं.

टप्पा ८: दुरुस्तीनंतर पुन्हा

क्रम असा: पाणी थांबलं, खराब भाग काढला, साफसफाई झाली, ओलावामापकाचे आकडे कोरड्या भिंतीइतके आले, डोळ्यांना धूळ आणि डाग दिसत नाहीत, वास नाही. यातलं एक जरी राहिलं असेल तर नमुना घेऊ नका.

कामाच्या जागेभोवतीचे प्लॅस्टिकचे पडदे काढण्याआधीच नमुने घ्या, म्हणजे काही राहिलं असेल तर ते आतच अडकून असतं. हवा गाळणारी यंत्रं बंद करा आणि हवा स्थिरावू द्या. ती चालू ठेवून घेतलेला नमुना यंत्राची कामगिरी सांगतो, खोलीची नाही. बाहेरचा नमुना याही वेळी हवा.

डागावर रंग मारण्याची घाई होते. भिंत वाळलेली नसताना मारलेला रंग ओल आत कोंडतो आणि पुन्हा पोपडे धरतात. रंग देण्याआधी त्याच ३० सेंटिमीटरच्या नकाशावर आकडे पुन्हा भरा, आणि काही आठवड्यांनी, शक्यतो पहिल्या मोठ्या पावसानंतर, तेच बिंदू आणखी एकदा मोजा. जुना नकाशा त्यासाठी जपून ठेवा.